मेंदूतील धूर आणि तो दाखवणारी यंत्रे

हाताची दोन बोटे कानाच्या पुढे, कानशिलावर हलकेच टेकवा. थोडा वेळ थांबलात की बोटांखाली बारीक ठोके जाणवू लागतील. हृदयाने ढकललेले रक्त तेथील रोहिणीतून, म्हणजेच धमनीतून, डोक्याच्या त्वचेकडे चालले आहे. ही रोहिणी कवटीच्या बाहेर आहे, म्हणून ती आपल्या बोटाला लागते. कवटीच्या आत मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या मात्र हाडाच्या बंद पेटीत आहेत. त्यांपैकी एखादी बारीक होत चालली, तर ते कसे कळणार? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत भौतिकशास्त्राने वैद्यकशास्त्राला निरनिराळी यंत्रे दिली. एका दुर्मीळ रोगाच्या निमित्ताने आज त्यांची ओळख करून घेऊ.

समजा, युसूफ वडगावातील आठ-नऊ वर्षांची एक मुलगी सकाळी चुलीपुढे बसली आहे. लाकडे ओली आहेत, म्हणून ती फुंकणीने जोरजोराने फुंकते आहे. बऱ्याच फुंकरा मारून झाल्यावर तिच्या उजव्या हातातून फुंकणी गळून पडते. हात उचलत नाही आणि बोलायला जावे तर शब्द फुटत नाही. घरची माणसे घाबरतात; पण दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते आणि मुलगी शाळेलाही जाते. महिन्याभराने पुन्हा तसेच घडते. या वेळी ती खूप रडली होती, आणि या वेळी डावा हात लुळा पडतो. कोणी म्हणते अशक्तपणा आहे, कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणते शाळा बुडवण्याचे ढोंग आहे.

ही मुलगी काल्पनिक आहे, परंतु तिची लक्षणे काल्पनिक नाहीत. जगभरच्या डॉक्टरांनी अशी मुले पाहिली आहेत. त्यांच्या रोगाचे नाव आहे ‘मोयामोया’.

मेंदूची भूक

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १.४ किलोग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाच्या मानाने हे जेमतेम २ टक्के झाले; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. स्नायूंप्रमाणे त्याच्याजवळ इंधनाचा मोठा साठा नसतो. रोजच्या कमाईवर रोजची चूल पेटावी, तसा त्याचा संसार असतो. म्हणून त्याला रक्त सतत मिळावे लागते.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला दर मिनिटाला सरासरी सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. हा पुरवठा २० च्या आसपास उतरला, की चेतापेशी काम थांबवतात. तो १० च्याही खाली जाऊन तसाच राहिला, तर पेशी मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधली जागा नीट लक्षात ठेवा. येथे पेशी गप्प असतात, पण जिवंत असतात. रक्त वेळेत परत आले तर त्या पुन्हा कामाला लागतात. आपल्या उदाहरणातील मुलीचा हात दहा मिनिटांत बरा झाला, याचा अर्थ काहीच झाले नव्हते असा नाही. तिच्या मेंदूचा काही भाग मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत आला होता.

पाट आणि दंड

मेंदूकडे चार मुख्य रोहिण्या जातात. दोन मानेच्या पुढच्या बाजूने जातात, त्यांना अंतर्गत कॅरॉटिड रोहिण्या म्हणतात. दोन मागच्या बाजूने, मणक्यांच्या आधाराने चढतात. मेंदूच्या तळाशी या चौघींना जोडणारे एक कडे असते. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस याने १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘विलिसचे वर्तुळ’ म्हणतात.

मोयामोया रोगात अंतर्गत कॅरॉटिड रोहिणीचे कवटीच्या आतील टोक, म्हणजे जेथे तिला फाटे फुटतात तो भाग, हळूहळू बारीक होत जातो. बहुधा हे दोन्ही बाजूंना घडते. रोहिणीची आतली भिंत जाड होते आणि रक्ताची वाट अरुंद होते. म्हातारपणी रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचतात, तसा हा प्रकार नव्हे. लहान मुलांतही तो दिसतो.

नळी थोडी अरुंद झाली तर एवढे काय बिघडते? फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझय याने एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम शोधला. दाब आणि लांबी तीच ठेवली, तर संथ प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी घटली, तरी प्रवाह सुमारे एकतृतीयांशाने घटतो. रक्त म्हणजे साधे पाणी नव्हे आणि रोहिणी म्हणजे ताठ नळी नव्हे, म्हणून हा नियम शरीरात तंतोतंत लागू पडत नाही. पण संकट किती मोठे आहे, हे त्यावरून कळते.

आता शरीर काय करते ते पाहा. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे. कालव्याचे पाणी शेतात कसे येते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मोठ्या पाटात गाळ साचून पाणी तुंबले, की ते बाजूच्या लहान दंडांतून, चरांतून, मिळेल त्या फटीतून वाट काढते. मेंदूच्या तळाशीही असेच होते. तेथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, वाढतात, वेड्यावाकड्या होतात आणि रक्त पुढे नेऊ लागतात. त्यांचे एक दाट जाळे तयार होते.

हे जाळे पुरेसे का पडत नाही? प्वाझयच्या नियमाने हिशेब करा. एका मोठ्या नळीच्या जागी तिच्या एकदशांश त्रिज्येच्या नळ्या टाकायच्या आहेत. तेवढाच प्रवाह हवा असेल, तर किती नळ्या लागतील? दहाचा चौथा घात, म्हणजे १०,०००! शंभर दंडांना एका पाटाचे काम का जमत नाही, ते या एका आकड्यात आहे.

एका चित्राचे नाव रोगाला

जपानमध्ये १९५७ साली ताकेउची आणि शिमिझू यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठातील सुझुकी आणि ताकाकू यांनी अनेक रुग्णांची क्ष-किरण चित्रे एकत्र अभ्यासली. रक्तवाहिन्यांचे ते जाळे चित्रात सिगारेटच्या धुराच्या लोटासारखे अस्पष्ट, तरंगते दिसत होते. जपानी भाषेत अशा धूसरपणाला ‘मोयामोया’ म्हणतात. १९६९ साली त्यांनी हे नाव रोगाला दिले.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बहुतेक रोगांची नावे लक्षणांवरून, जंतूंवरून किंवा शोधकांवरून पडतात. हे नाव पडले ते एका चित्रावरून. यंत्राने चित्र काढले नसते, तर हा वेगळा रोग आहे हे समजणे फार कठीण होते. आणि गंमत अशी की चित्रात दिसणारा धूर हा मूळ रोग नव्हे. मूळ रोग म्हणजे रोहिणीचे अरुंद होणे. धूर हा शरीराने त्यावर शोधलेला तात्पुरता उपाय आहे. आपल्या न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे अनुमान करण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तसेच येथे धूर पाहून बंद होत चाललेल्या वाटेचे अनुमान करायचे असते.

सुझुकी आणि ताकाकू यांनी रोगाच्या सहा पायऱ्या सांगितल्या. आधी रोहिणी अरुंद होते, मग धूर दिसू लागतो, दाट होतो, पुढे विरळ होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. धूर नाहीसा होणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे! तोपर्यंत मुख्य वाट बंद झालेली असते आणि मेंदूला मुख्यतः कवटीबाहेरील रोहिण्यांकडून आलेल्या रक्तावर भागवावे लागते. नुसते चित्र पाहून भागत नाही, त्याचा अर्थ लावावा लागतो, तो असा.

जपान, कोरिया आणि चीन या देशांत हा रोग त्यातल्या त्यात अधिक आढळतो. जपानमध्येसुद्धा तो लाखात सुमारे ३ ते १० जणांनाच असतो. भारतातही त्याचे रुग्ण आढळतात. साधारणपणे दोन वयांत तो जास्त दिसतो, पाच ते दहा वर्षांच्या सुमारास आणि चाळिशीच्या आसपास. मुली व स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे. २०११ साली आर.एन.एफ. २१३ या जनुकाशी त्याचा संबंध असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले, परंतु सर्वच रुग्णांत हे कारण सापडत नाही.

फुंकणीचे कोडे

फुंकणीने फुंकल्यावर किंवा रडल्यावरच हात लुळा का पडावा? गरम पदार्थ फुंकून खाताना किंवा तोंडाने वाजवायचे वाद्य वाजवताना असा झटका येतो, हे जपानी डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आले होते. या सर्व क्रियांत आपण भराभर आणि खोल श्वास सोडतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूला फार संवेदनशील असतात. तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकसतात. रक्तातील त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा असतो. तो १ मिलिमीटरने उतरला तर मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी घटतो.

निरोगी मुलाला हे सहज सोसते. फार तर थोडे गरगरते. पण ज्या मुलीचा पुरवठा आधीच काठावर आहे, तिच्या बाबतीत एवढी घट पेशींना गप्प करायला पुरते. फुंकर थांबली, वायू पूर्वपदाला आला, की हातही परत येतो. बाधा नाही, ढोंग नाही. हे साधे वायूचे आणि नळ्यांचे गणित आहे. मात्र ‘फुंकून दाखव बरे’ असे सांगून कोणीही अशा मुलाची परीक्षा पाहू नये. त्यात खरोखरच इजा होऊ शकते.

पहिला प्रश्न : रक्तस्राव आहे का?

अशा मुलीला रुग्णालयात नेले की बहुधा प्रथम सी.टी. स्कॅन केला जातो. रंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. पण साध्या क्ष-किरण चित्रात सारे अवयव एकमेकांवर पडलेल्या सावल्यांसारखे दिसतात. कवटीच्या गडद सावलीत मऊ मेंदू हरवून जातो. इंग्लंडमधील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड याने यावर युक्ती काढली. क्ष-किरण डोक्याच्या भोवती निरनिराळ्या कोनांतून पाठवायचे, पलीकडे किती पोहोचले ते मोजायचे आणि आतल्या प्रत्येक बिंदूने किती किरण शोषले, ते संगणकाने काढायचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले. हाउन्सफील्ड आणि या पद्धतीचे गणित आधीच मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सी.टी.चे चित्र म्हणजे खरे तर आकड्यांचा तक्ता असतो. पाण्याला ०, हवेला उणे १,०००, दाट हाडाला १,००० च्या आसपास, मेंदूला साधारण ३० ते ४० आणि ताज्या सांडलेल्या रक्ताला ६० ते ८० असे आकडे मिळतात. म्हणून मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर तो काही मिनिटांत पांढरा डाग होऊन समोर येतो. मोयामोयाच्या प्रौढ रुग्णांत जाळ्यातील नाजूक वाहिन्या पुष्कळदा फुटतात, तेव्हा हे यंत्र मोलाचे ठरते.

पण आपल्या मुलीच्या मेंदूत रक्तस्राव नाही आणि पेशीही अजून मेलेल्या नाहीत. तिचा साधा सी.टी. अगदी निर्दोष येऊ शकतो! येथेच मोठा धोका आहे. ‘फोटो चांगला आला, म्हणजे मुलीला काही झालेले नाही’ असा निष्कर्ष घरचे लोक काढतात. यंत्र खोटे बोललेले नसते. त्याला जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर त्याने दिलेले असते. ‘रक्त सांडले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, म्हणून ‘वाट अरुंद झाली आहे का?’ याचेही उत्तर ‘नाही’ होत नाही.

दुसरा प्रश्न : वाटा कशा आहेत?

रक्त आणि मेंदू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच शोषतात, म्हणून वाहिन्या आपोआप दिसत नाहीत. रक्तात किरण अडवणारे काहीतरी मिसळावे लागते. पोर्तुगालमधील एगास मोनिझ याने लिस्बन येथे १९२७ साली आयोडीनचा क्षार वापरून जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्यांचे चित्र मिळवले. या चित्राला अँजिओग्राम म्हणतात.

आयोडीनच का? क्ष-किरणांचे एका प्रकारचे शोषण ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या तिसऱ्या घाताप्रमाणे वाढते. शरीरात विपुल असलेल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, आयोडीनचा ५३. भागाकार करून तिसरा घात काढा. उत्तर सुमारे २९० येईल. म्हणजे सारख्या वजनाचे आयोडीन या प्रकारे कितीतरी पट अधिक किरण अडवते.

तरीही कवटीची सावली मध्ये येतेच. ती काढण्यासाठी वजाबाकी करतात. आयोडीन सोडण्यापूर्वी एक चित्र घेतात. समजा, एका ओळीतील सावलीचे आकडे ७०, ७२, ७१, ७० असे आहेत. आयोडीन सोडल्यावर तेच आकडे ७०, ७८, ७१, ७३ असे आले. दुसऱ्यातून पहिले वजा करा : ०, ६, ०, ३. हाड गेले, उरल्या फक्त रक्तवाहिन्या. एक ठळक, एक फिकट. तिसरीतील वजाबाकी संगणकाच्या हाती दिली, की कवटी अदृश्य होते!

या तपासणीत जांघेतून किंवा मनगटातून एक बारीक लवचीक नळी रोहिणीत सरकवून मानेपर्यंत नेतात. अरुंद झालेले टोक आणि त्याभोवतीचा धूर सर्वांत स्पष्ट दिसतो तो येथेच. परंतु नळी आत घालण्यात थोडा धोका असतो, आणि लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते. म्हणून आधी दुसरे यंत्र वापरण्याकडे आज कल आहे.

चुंबक आणि पाणी

हे यंत्र म्हणजे एम.आर.आय. यात क्ष-किरण अजिबात नसतात. मेंदूत भरपूर पाणी असते आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, इवल्याशा चुंबकासारखे वागते. ते प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले, की कलत्या भोवऱ्याची दांडी डोलत फिरते तसे डोलू लागते. या डोलण्याची वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात असते. १ टेस्ला क्षेत्रात ती सेकंदाला ४.२५८ कोटी, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्झ असते. रुग्णालयातील नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रात ती सुमारे ६३.९ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे तुमच्या रेडिओवरील एफ.एम. पट्ट्याच्या थोडी खाली. नेमक्या त्याच वारंवारतेचे रेडिओ तरंग पाठवले की प्रोटॉन ऊर्जा घेतात आणि नंतर स्वतः क्षीण संदेश देऊ लागतात.

संदेश डोक्याच्या कोणत्या भागातून आला हे कसे ओळखायचे? पॉल लॉटरबर याने १९७३ साली उत्तर दिले : क्षेत्र सगळीकडे अगदी सारखे ठेवूच नका. एका टोकाला १.५०० आणि दुसऱ्या टोकाला १.५०१ टेस्ला असेल, तर दोन्हीकडील प्रोटॉनांच्या वारंवारतेत सुमारे ४२.६ किलोहर्ट्झचा फरक पडेल. रेडिओवर जशी प्रत्येक केंद्राची जागा ठरलेली, तशी डोक्यातील प्रत्येक जागेची वारंवारता ठरते. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मोयामोयासाठी या यंत्राचा खास उपयोग असा की वाहते रक्त त्याला वेगळे दिसते. एका पद्धतीत, रेडिओ तरंगांनी जागे केलेले प्रोटॉन संदेश देण्याआधीच रक्ताबरोबर पुढे निघून जातात, म्हणून वाहती रोहिणी काळी दिसते. मेंदूच्या खोल भागात अशा काळ्या ठिपक्यांचा पुंजका दिसला, की अनुभवी डॉक्टरांना धुराची शंका येते. दुसऱ्या पद्धतीत आजूबाजूच्या स्थिर प्रोटॉनांना वारंवार तरंग देऊन थकवतात. नव्याने आलेले ताजे रक्त तेवढे उजळ दिसते आणि सुई न टोचताही रोहिण्यांचा नकाशा मिळतो. तिसऱ्या पद्धतीत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजून नुकताच मेलेला भाग पहिल्या काही तासांतच ओळखता येतो.

या यंत्राची एक शिस्त आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून त्याचे क्षेत्र तीसएक हजार पटींनी प्रबळ असते आणि तपासणी नसतानाही ते चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. लोखंडी वस्तू बाहेर ठेवण्याचा नियम का पाळायचा, हे यावरून समजावे.

तिसरा प्रश्न : रक्त पुरते का?

वाटांचा नकाशा मिळाला, तरी त्या वाटांनी पुरेसे रक्त पोहोचते का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले औषध शिरेतून देतात. रक्त जेथे जास्त जाते तेथे ते जास्त साठते, आणि तेथून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा मोजतो. त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे असल्यामुळे एका दिवसात त्याचा केवळ सोळावा हिस्सा उरतो. मग रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देऊन पुन्हा मोजतात. निरोगी भागात प्रवाह वाढतो. ज्या भागातील वाहिन्या आधीच जास्तीत जास्त ताणलेल्या आहेत, तेथे तो वाढत नाही. त्या भागाची शिल्लक संपली आहे, हे येथे कळते. शस्त्रक्रिया हवी का आणि कोणत्या बाजूला, हे ठरवताना या उत्तराची मोठी मदत होते.

आणखी एक साधे साधन ध्वनीचे आहे. कानशिलावर यंत्राचे टोक टेकवून सुमारे २ मेगाहर्ट्झचे श्राव्यातीत तरंग आत सोडतात. येथील हाड पातळ असल्यामुळे ते आत जाऊ शकतात. वाहत्या रक्तावरून परतताना त्यांची वारंवारता बदलते. हाच डॉप्लर परिणाम. रक्ताचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर हा बदल सुमारे २,६०० हर्ट्झ येतो, म्हणजे आपल्या कानाला ऐकू येईल इतका! अरुंद जागेतून रक्त वेगाने धावते, त्यामुळे वाढलेला वेग ही धोक्याची खूण ठरते. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडील सातपुड्याच्या भागात आढळणाऱ्या सिकलसेल रोगातही काही मुलांच्या मेंदूतील रोहिण्या मोयामोयासारख्याच अरुंद होतात. अशा मुलांत पक्षाघाताचा धोका आधीच ओळखण्यासाठी ही तपासणी उपयोगी पडते.

नवा पाट

अरुंद झालेली रोहिणी पुन्हा रुंद करणारे औषध आज उपलब्ध नाही. पण नवी वाट देता येते. सुरुवातीला तुम्ही बोटांनी तपासलेली कानशिलावरची रोहिणी आठवा. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे टोक मेंदूच्या पृष्ठभागावरील रोहिणीला शिवतात. गाझी याशारगिल याने झुरिक येथे १९६७ साली अशी शस्त्रक्रिया केली. लहान मुलांच्या वाहिन्या शिवण्यास फार बारीक असतात. तेव्हा ही रोहिणी न कापता नुसती मेंदूच्या पृष्ठभागावर अंथरून ठेवतात. रक्ताला आसुसलेला मेंदू पुढील काही महिन्यांत तिच्यातून स्वतःकडे नव्या वाहिन्या ओढून घेतो. ज्या मेंदूने धुराचे जाळे विणले, त्याच्याच सवयीचा हा उपयोग.

शस्त्रक्रियेने गेलेला भाग परत येत नाही, राहिलेला वाचतो. म्हणून रोग कधी ओळखला, यावर त्या मुलीचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

तुम्ही काय करू शकता?

युसूफ वडगावच्या विद्यार्थ्याजवळ चुंबक नाही, गॅमा कॅमेरा नाही. पण निदानाची सुरुवात यंत्रापासून होत नाही. ती ‘काय घडले’ हे नीट पाहणाऱ्या माणसापासून होते. वर्गातील एखाद्या मुलाचा चेहरा अचानक एका बाजूला ओढला, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ते दहा मिनिटांत थांबले तरी सोडून देऊ नका. घड्याळात वेळ पाहा. कोणती बाजू, किती मिनिटे, त्याआधी तो काय करत होता, हे लिहून ठेवा. मुलाला शांत ठेवा आणि लक्षणे चालू असताना तोंडाने काही देऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. या भागातून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठता येते. पुढील तपासण्यांसाठी गरज पडल्यास तेथील डॉक्टर मोठ्या शहराची वाट दाखवतील. ‘फुंकणी फुंकताना उजवा हात गेला आणि रडताना डावा’ हे तुमचे एक वाक्य डॉक्टरांना योग्य यंत्राकडे योग्य प्रश्न घेऊन पाठवू शकते.

असा प्रत्येक झटका मोयामोयाचा असतो असे नाही; बहुतेक वेळा कारण दुसरेच निघेल. पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे आहे, शेजाऱ्यांचे नाही.

वर्गात करून पाहा

१. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ छिद्र पाडून त्यात सरबत पिण्याची नळी घट्ट बसवा. दुसऱ्या तशाच बाटलीला तेवढ्याच लांबीची, रिकामी करून धुतलेली बॉलपेनची कांडी लावा. दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि प्रत्येकीतून ५० मिलिलिटर पाणी यायला लागणारा वेळ मोजा. पाण्याचा प्रवाह नेहमीच संथ नसल्यामुळे चौथा घात अचूक मिळणार नाही. पण वेळांचे गुणोत्तर त्रिज्यांच्या गुणोत्तराहून किती मोठे येते, ते पाहा.

२. मूळ नळीच्या एकतृतीयांश त्रिज्येच्या किती नळ्या लावल्या, तर तेवढाच प्रवाह मिळेल?

३. ३ टेस्ला यंत्रात प्रोटॉनची वारंवारता किती असेल? ती एफ.एम. पट्ट्याच्या (८८ ते १०८ मेगाहर्ट्झ) वर असेल की खाली?

४. एका मुलाचा साधा सी.टी. स्कॅन निर्दोष आला. यावरून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि कोणते प्रश्न शिल्लक राहिले? आपल्या शब्दांत लिहा.